संगणक-प्रणालीचा पूर्वप्रयोग

भाताचे नवे वाण शेतकऱ्याच्या हाती पडण्यापूर्वी ते प्रथम संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावर आणि नंतर निरनिराळ्या गावांतील निवडक शेतकऱ्यांच्या शेतांत लावून पाहिले जाते. प्रक्षेत्रावर पाणी वेळेवर मिळते, खताची मात्रा मोजून दिली जाते आणि देखरेखीस जाणकार माणसे असतात. शेतकऱ्याच्या खाजणात किंवा डोंगरउतारावर यांपैकी काहीच हमखास नसते. संगणकाच्या आज्ञावलीची, म्हणजे ज्यास आता सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात त्याची, गोष्ट याहून फारशी वेगळी नाही. तयार करणाऱ्यांच्या कचेरीत ती बिनतक्रार चालते. तिची खरी कसोटी अनोळखी माणसाच्या हातात लागते. म्हणून नवी प्रणाली सर्वांना खुली करण्याआधी ती मोजक्या लोकांना वापरावयास द्यावी, त्यांच्या अडचणी ऐकून दुरुस्ती करावी आणि मगच दार उघडावे, अशी पद्धत रूढ झाली आहे. तिला पूर्वप्रयोग म्हणता येईल.

गूगल कंपनीची जीमेल ही टपालसेवा १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, ती अशाच मर्यादित स्वरूपात. आरंभी सुमारे एक हजार बाहेरील व्यक्तींना निमंत्रण देण्यात आले आणि त्यांच्या निमंत्रणावरून पुढची माणसे आत आली. कोणासही निमंत्रणाविना खाते उघडता येऊ लागले ते २००७ साली, आणि ‘प्रायोगिक’ अशा अर्थाची पाटी उतरली ती जुलै २००९ मध्ये. पाच वर्षांचा प्रयोग हा जरा अतिरेकच म्हणावा लागेल. परंतु संख्या हळूहळू वाढवीत नेल्यामुळे यंत्रसामग्रीवर एकदम भार पडला नाही, हे खरे.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील शासकीय प्रणालीचे आहे. २०१० साली संमत झालेल्या आरोग्यविषयक कायद्यानुसार नागरिकांना विमा योजना निवडता यावी म्हणून तेथील केंद्र सरकारने ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ ही व्यवस्था उभारली. १ ऑक्टोबर २०१३ रोजी ती ३६ राज्यांतील रहिवाशांसाठी एकाच दिवशी खुली करण्यात आली. लोकांची झुंबड उडाली, आणि पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती अवघ्या सहा जणांची. चाचणीस अपुरा वेळ ठेवला आहे आणि सारा भार पहिल्याच दिवशी अंगावर घेतला जात आहे, असा इशारा सल्लागारांनी त्याच वर्षीच्या वसंतात दिलेला होता. पुढे संसदीय समितीसमोर कंत्राटदारांनी सांगितले की, संपूर्ण प्रणालीची आरंभापासून अखेरपर्यंतची एकत्रित चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांतच झाली. त्यात एक दोष असा होता की, योजनांचे दर नुसते पाहावयाचे असले तरी प्रत्येकास आधी खाते उघडावे लागे. साऱ्या जत्रेला एकाच अरुंद दिंडीतून आत सोडण्यासारखा हा प्रकार होता. एखाद्या लहान राज्यातील काही शे लोकांना महिनाभर आधी प्रणाली वापरू दिली असती, तर ही गोष्ट ध्यानात येण्यास फार दिवस लागले नसते. दोन महिने अहोरात्र दुरुस्ती करून व्यवस्था सावरली. राज्यांच्या स्वतंत्र प्रणाली धरून २०१४ च्या वसंतापर्यंत सुमारे ८० लाख लोकांनी नावे नोंदविली. पण मधल्या काळात विम्यावाचून अडलेल्या आजारी माणसाला या दुरुस्तीचा काय उपयोग?

भारतात रिझर्व्ह बँकेने डिजिटल रुपयाच्या बाबतीत सावध मार्ग धरला. किरकोळ व्यवहारांसाठी हा प्रयोग १ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, तो मुंबई, नवी दिल्ली, बंगळूरु आणि भुवनेश्वर या चार शहरांत, चार बँकांमार्फत आणि निवडलेल्या ग्राहक व व्यापाऱ्यांच्या मर्यादित गटापुरता. आणखी चार बँका आणि इंदूर, हैदराबाद यांसारखी शहरे नंतर घ्यावयाची, हे आरंभीच जाहीर केलेले होते. रुपया निर्माण होणे, तो बँकांमार्फत वाटला जाणे आणि दुकानात खर्च होणे, ही सारी साखळी प्रत्यक्ष व्यवहारात टिकते की नाही हे तपासण्याचा हेतू होता. लोकांच्या पैशाशी गाठ असल्यामुळे प्रयोगाचे क्षेत्र आखून घेणे हाच शहाणपणा होता.

माणसे कोणती निवडावीत?

येथेच बहुतेक प्रयोग फसतात. कचेरीतील हुशार सहायक, नवा फोन बाळगणारा तरुण, यंत्राची हौस असलेला शिक्षक अशी माणसे निवडली, तर प्रणाली उत्तम असल्याचाच निर्वाळा मिळतो. निवडावयाची ती माणसे ज्यांचे काम तिच्यावाचून अडणार आहे: वृद्ध निवृत्तिवेतनधारक, दृष्टी अधू असलेली व्यक्ती, जेथे फोनला धड संकेत मिळत नाही अशा वाड्यावरचा शेतकरी. वापरणारा कोठे अडखळतो हे पाहण्यासाठी गर्दी लागत नाही. एका फेरीस पाच माणसे बहुधा पुरतात, असे या विषयाचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००० साली मांडले. मात्र भार पेलण्याची परीक्षा पाच माणसांवर होत नाही. ती निराळी घ्यावी लागते.

सीमाभागात आणि गोव्यात नावांचा प्रश्न विशेष बिकट आहे. बेळगाव जिल्ह्यातील मराठी शेतकऱ्याचे नाव जमिनीच्या उताऱ्यावर कन्नड लिपीत, मराठी शाळेच्या हजेरीपटावर देवनागरीत आणि बँकेच्या पुस्तकात रोमन लिपीत असते. ‘ळ’ला रोमन लिपीत स्वतंत्र अक्षरच नाही. गोव्यात ‘नाईक’ हे साधे आडनाव पोर्तुगीज अमदानीतील दस्तऐवजांत क्यू, यू, ई या अक्षरांनी संपते, तर अलीकडच्या कागदावर केवळ के या अक्षराने. त्यात विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलण्याची जुनी चाल. सर्व कागदांवरील नावे अक्षरशः जुळल्याखेरीज अर्ज पुढे सरकू नये, असा नियम प्रणालीत घातला गेला, तर खऱ्याखुऱ्या विधवेचा निवृत्तिवेतनाचा अर्ज यंत्र नाकारील, आणि दोष कोणाचा हे तिला कोणी सांगणार नाही. दूरच्या शहरात बसलेल्या आज्ञावलीकाराला ही अडचण सुचणे कठीण. तालुक्याच्या ठिकाणी दहा अर्ज भरून पाहिले, तर ती पहिल्याच दिवशी उघडी पडते.

प्रयोग चालू असताना

वापरणाऱ्याला मत विचारून फारसे हाती लागत नाही. साहेबांसमोर माणूस ‘चांगले आहे’ असेच म्हणतो. त्याच्या शेजारी बसून, काही न सुचविता, बोट कोठे थांबते ते पाहावे आणि टिपून ठेवावे. प्रत्येक तक्रार तारखेनिशी नोंदवहीत यावी आणि दुरुस्ती झाली किंवा झाली नाही, हे तक्रार करणाऱ्यास कळवावे. उत्तर न मिळालेला मनुष्य दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही, आणि मग प्रयोग नावापुरता उरतो. या मुदतीत जुनी कागदी पद्धत बंद करू नये. यंत्र अडले म्हणून कोणाचा शिधा किंवा दाखला अडता कामा नये.

प्रारंभाची तारीख प्रयोगाचा निष्कर्ष हाती आल्यावर ठरवावयाची असते. उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्यावर घेतलेल्या चाचणीत दोष सापडला तरी तो ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नसते. नव्या तक्रारी येणे थांबून त्याच त्या, किरकोळ तक्रारी येऊ लागल्या म्हणजे क्षेत्र वाढविण्यास हरकत नाही, आणि तेही एका तालुक्यावरून तीन तालुक्यांवर, एकदम साऱ्या राज्यावर नव्हे. प्रयोगात भरलेली माहिती पुढे तशीच राहणार की पुसली जाणार, हे मात्र सहभागी होणाऱ्यांस पहिल्याच दिवशी लेखी कळविले पाहिजे. कारण दिवसाची मजुरी बुडवून अर्ज भरावयास आलेल्या माणसाला तोच अर्ज पुन्हा भरावयास बोलाविले, तर तो सहसा परत येत नाही.