तीन चाकांवरची बोली

गुडघे कुरकुरायला लागले तशी नवऱ्याने गोल्डविंग मोटारसायकलला मागे एकाऐवजी दोन चाकं बसवून घेतली आणि ट्राईकवाल्यांच्या मेळाव्यांत आमची ये-जा सुरू झाली. ओहायो असो की इंडियाना, शनिवारी रात्री मदतनिधीचा लिलाव ठरलेलाच. नंबरांची कार्डं वाटायची, आकडे उतरवायचे, पैसे घ्यायचे हे काम माझ्याकडे. त्या खुर्चीवरून जे कळलं ते असं.

१. भारी वस्तू शेवटी ठेवू नका. इथली बहुतेक मंडळी साठीपुढची. दुचाकी तोलणं जड झालं, पण रस्ता सुटेना, म्हणून तीन चाकांवर आलेली. रविवारी पहाटे निघायचं असतं, त्यामुळे नऊ वाजले की मंडप ओसरायला लागतो. जेवणं उरकून लोक जरा सैलावले की लगेच ती वस्तू काढायची.

२. डिकीत मावेल तेच मागवा. ट्राईकची डिकी ऐसपैस खरी, पण तिच्यात दोघांचे रेनकोट आणि औषधांचे डबे आधीच बसलेले असतात. काचेची मोठाली तसबीर कितीही देखणी असो, हात वर होत नाहीत. गोधडीला मात्र मरण नाही. जुन्या मेळाव्यांचे टी-शर्ट कापून शिवलेली, चौकोनाचौकोनावर एकेक गाव आणि साल. बोली लावण्याआधी बायका तिचं अस्तर उलटून टाके बघतात, आणि पुरुष आपण गेलो होतो ते साल शोधतात.

३. मूक लिलावाच्या कागदांवर नजर ठेवा. नवरा-बायको एकमेकांच्या नकळत एकाच वस्तूवर आकडे चढवत असतात. मी सांगते. आमचे खजिनदार म्हणतात, सांगू नका!

४. घरी केलेल्या ॲपल पायला घाई करू नका. एका आजींचा पाय साठ डॉलरला गेला. घेणाऱ्याने तो उचललाच नाही, बसल्या जागेवरून म्हणाला, "परत विका." पुन्हा बोली, पुन्हा तेच. आमच्या साताऱ्याकडे देवळातल्या नारळाची बोली अशीच चढते. नारळाचा बाजारभाव तिथे कोण विचारतो? घड्याळ बघून "एकवार, दोनवार" उरकणारा लिलावदार इथे चालत नाही. शेवटी तो पाय पोरांच्या टेबलावर गेला, तोवर त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर माझ्या हातचे तीन खोडलेले नंबर होते.

५. सोडत आणि लिलाव एका वहीत लिहू नका. सोडतीला बऱ्याच राज्यांत जुगाराचे नियम लागतात, आणि तिच्या तिकिटावर करसवलत मिळत नाही. लिलावात बाजारभावाच्या वर दिलेली रक्कमच दान धरली जाते : पन्नासाचे हातमोजे दोनशेला घेतले, तर दीडशे. अशा व्यवहारात ७५ डॉलरच्या वर रक्कम गेली की वस्तूची अंदाजे किंमत धर्मादाय संस्थेने लेखी कळवावी लागते. पावती त्याच रात्री हातात द्यावी. नंतर पत्ते शोधत बसायला कोणाला वेळ आहे?

६. मेकॅनिकच्या कूपनला कमी लेखू नका. ऑइल बदलून ब्रेक तपासून देण्याचं कूपन तो देतो. दान केलेल्या मजुरीवर त्याला करात एक सेंटही सुटत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आणि त्या कूपनावर बोली लावणारे निम्मे लोक त्याच्या गॅरेजपासून चारशे मैलांवर राहतात.