भूतानला पैसे कशाला?

प्रश्न : आपलं सरकार भूतानला वर्षाला दोन हजार कोटींच्या वर देतं, असं वाचलं. आमच्याकडचा पूल मात्र निधीअभावी रखडलाय. शेजाऱ्यांना मदत केली की युद्ध टळतं, हे खरं की नुसतं बोलायला? तेच पैसे सैन्याला का देऊ नयेत?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : पुलाचं उत्तर बांधकाम खात्यालाच विचारावं लागेल. बाकीच्या शंका एकेक करून पाहू.

आकडा बरोबर आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात भूतानसाठी २,१५० कोटी रुपये ठेवले होते. पण केंद्र सरकारचा त्या वर्षीचा एकूण खर्च शंभर रुपये धरला, तर संरक्षणाला त्यातले साधारण साडेतेरा रुपये गेले. अख्ख्या परराष्ट्र मंत्रालयाला, म्हणजे वकिलाती, पगार, पासपोर्ट आणि सगळ्या देशांची मदत धरून, मिळाले चाळीस पैसे. भूतानच्या वाट्याला आले चार पैसे. ते सैन्याकडे वळवले तर सैन्याला पत्ताही लागणार नाही.

‘पैसे देणं’ म्हणजे थैली पोचवणंही नव्हे. १९५८ मध्ये नेहरू भूतानला गेले ते तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि याकवर बसून. भारतातून थिंफूकडे मोटाररस्ताच नव्हता आणि तिबेट तर चीनच्या ताब्यात गेलेला. भूतानचं बाहेरच्या जगाशी दळणवळण कुणाच्या दारातून व्हायचं, हा प्रश्न तिथे उघडा पडला. १९६१ पासून आपल्या सीमा रस्ते संघटनेने ‘दंतक’ प्रकल्पात रस्ते बांधायला घेतले. सीमेवरच्या फुंत्शोलिंगपासून थिंफूपर्यंतचा रस्ता त्यातलाच. त्याच वर्षी सुरू झालेल्या भूतानच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेचा सगळा खर्चही भारताने उचलला.

पुढे वीज आली. चुखाचा ३३६ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज देऊन उभारला. १९८६ पासून तिथली जास्तीची वीज आपण विकत घेतो, त्यातून भूतानची तिजोरी भरते. सगळंच असं सुरळीत झालं नाही. पुनात्सांगछू-१ या प्रकल्पात २०१३ मध्ये धरणाच्या जागी डोंगर सरकला आणि काम वर्षानुवर्षं अडलं. तेव्हा रखडण्याची मक्तेदारी एकट्या तुमच्या पुलाकडे नाही!

आता मूळ मुद्दा. युद्ध टळलं हे सिद्ध करणं अवघड, कारण न झालेल्या गोष्टीचा पंचनामा होत नाही. पण जवळ जाणारा दाखला आहे. आसाम आणि उत्तर बंगालमधल्या उल्फा, बोडो आणि कामतापुरी बंडखोरांनी दक्षिण भूतानच्या जंगलात तळ ठोकले होते. भूतानने आधी काही वर्षं त्यांच्याशी बोलून पाहिलं. ते हलेनात, तेव्हा डिसेंबर २००३ मध्ये त्याच्या चिमुकल्या सैन्याने स्वतः कारवाई करून सुमारे तीस तळ उठवले. आपल्या फौजेने सीमा बंद केली. शेजारी वैरी असता तर हीच जंगलं आपल्याला दशकभर पुरली असती. निव्वळ मदतीमुळे हे घडलं असं मी म्हणणार नाही. भूतानलाही ते तळ धोक्याचे वाटत होते. पण चाळीस वर्षांचा विश्वास गाठीला होता, हेही खरं.

सैन्य की मुत्सद्देगिरी, ही निवडही फसवी आहे. २०१७ मध्ये डोकलामला चीनने रस्ता बांधायला घेतला. भूतान ती जमीन आपली मानतो आणि तिथून ईशान्य भारताला जोडणारी आपली सिलिगुडीची चिंचोळी पट्टी फार लांब नाही. आपले जवान आडवे उभे राहिले. भूतानने चीनकडे निषेध नोंदवला. बीजिंगमध्ये राजदूत विजय गोखले होते आणि बोलणी चालू होती. ७३ दिवसांनी, गोळी न सुटता, कोंडी फुटली. जवान नसते तर बोलण्याला वजन नसतं. बोलणारे नसते तर जवानांनी मागे कधी आणि कसं फिरायचं?

एक समज मात्र काढून टाका : मदत घेणारा मिंधा होतो. २०२२ मध्ये श्रीलंका दिवाळखोरीत गेली तेव्हा आपण सुमारे ४ अब्ज डॉलरचा हात दिला. तरी त्याच ऑगस्टमध्ये आपला विरोध असताना चीनचं ‘युआन वांग ५’ जहाज हंबनटोटा बंदराला लागलंच. मालदीवमध्ये तर राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू २०२३ मध्ये ‘भारत चले जाव’ म्हणत निवडून आले आणि मे २०२४ पर्यंत त्यांनी तिथले आपले सैनिक परत पाठवले. आपण रुसून बसलो नाही. सैनिकांच्या जागी मुलकी तंत्रज्ञ पाठवले, मदत चालू ठेवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये परकीय चलनाची चणचण होती, तेव्हा तेच मुइझ्झू दिल्लीला आले आणि चलन-अदलाबदलीचा करार करून गेले. २०२५-२६ मध्ये मालदीवच्या नावावर ६०० कोटी होते. परराष्ट्र मंत्रालयाच्या अर्थसंकल्पी मागणीत भूतानच्या त्या आकड्याबरोबरच हाही सापडेल, सवडीने पाहा.