कालचे सोबती, आजचे हाताखालचे

प्रश्न : अकरा वर्षं पतसंस्थेत कारकून होतो, आता शाखाधिकारी झालोय. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांना आता कामं सांगायची. नेतृत्वाची स्वतःची भूमिका कशी ठरवायची?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : डबा त्यांच्याबरोबरच खात राहा, हे आधी सांगतो.

भूमिका कसोटीच्या दिवशी कळते. तुमच्याच जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना वसवला आणि राखणीला शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली. विश्वास टाकला की माणूस सुधारतो, ही त्यांची धारणा. ती त्यांनी सगळ्यात जोखमीच्या जागी लावून पाहिली. शेजारच्या साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ पासून सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीत बसवली. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, पंगत मोडू दिली नाही. मला तर हा प्रसंग व्यवस्थापनाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मोठा वाटतो.

तुमच्याही कसोटीचा दिवस येईल; त्याआधी तुम्ही एक साधी वही घ्या. कारकून असताना वरिष्ठांच्या कुठल्या वागण्याने मन दुखावलं, ते लिहा. चारचौघांत झालेला पाणउतारा लिहा, परस्पर बदललेली हजेरीही. प्रत्येकासमोर ‘मी काय करेन’ ते एका ओळीत. मग अवघड प्रश्न : संचालकांच्या पाहुण्याचं कर्ज जामीनदाराशिवाय पुढे आलं तर? याचं उत्तर आजच, शांत डोक्याने लिहून ठेवा. सहकाऱ्यांनाही ते सांगा, म्हणजे त्या दिवशी तुम्ही एकटे पडणार नाही. वही टेबलाच्या खणात असू द्या. मार्चअखेरीच्या धावपळीत एकदा उघडा.