नीट नको, लॉ करायचंय

बाय गो, सायन्स घेतलंस, क्लासची फी भरली, आणि आता मन वकिलीकडे ओढतंय. बाबांना कसं सांगू, याचीच तुला धास्ती. सांगायला मी येईन. त्याआधी तुझी तयारी असू दे.

बारावी सायन्सची म्हणून काही वाया जात नाही. पाच वर्षांच्या लॉला कुठलीही शाखा चालते. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचं आयएलएस हवं तर राज्याची लॉ सीईटी दे. मुंबई, नागपूर, संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट लागते. दोन्ही दे. फक्त क्लॅटमध्ये चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात, तिथे अंदाजपंचे ठोकू नकोस.

तुला आरोग्याच्या कायद्यातच काम करायचंय ना? मग हे ऐक. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या पुळणीवर वीस वर्षांच्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. तेव्हा आपलं देवगडही त्याच जिल्ह्यात होतं. टॅक्सीने पुणं गाठायला अकरा तास लागले. तिथल्या डॉक्टरांनी पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं आणि त्या धक्क्याने मुलगा गेला, असं कोर्टाने मानलं. वडील स्वतः डॉक्टर होते, तरी लढले. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. भरपाई अवघी तीन हजार रुपये. पण रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, उपचार निवडताना आणि ते करताना, अशी तिन्ही वेळा काळजी घेणं डॉक्टरचं कर्तव्य आहे, हे त्यात लिहिलं गेलं. जोशी विरुद्ध गोडबोले हा खटला वकील अजून दाखला म्हणून देतात.

म्हणून सांगते, पहिल्या वर्षापासून 'हेल्थ लॉ'ची पाटी शोधत बसू नकोस. हा खटला उभा राहिला तो निष्काळजीपणा, पुरावा आणि भरपाई या साध्या विषयांवर. ते पक्के कर. पुढे बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलची वैद्यकीय कायद्याची पदविका दूरशिक्षणाने करता येते.

आणि ही वकिली म्हणजे डॉक्टरांना कोर्टात खेचणं एवढंच नव्हे. १९९५ च्या निकालाने रुग्णाला ग्राहक न्यायालयाचं दार उघडलं, तसं २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरला उठसूट होणाऱ्या फौजदारीपासून संरक्षण दिलं. इस्पितळांना, विमा कंपन्यांना, औषध कंपन्यांनाही वकील लागतात. धर्मादाय इस्पितळात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत ठेवाव्या लागतात, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? २०१८ मध्ये बांबोळीच्या सरकारी इस्पितळात गोव्याबाहेरच्या रुग्णांना पैसे लागू झाले, तेव्हा आपल्या जिल्ह्यात केवढी ओरड झाली! शेजारच्या राज्याच्या सरकारी इस्पितळात आपला हक्क किती, हा प्रश्नसुद्धा कायद्याचाच.

सुरुवातीची काही वर्षं सीनियरच्या हाताखाली तुटपुंज्या पैशांत काढावी लागतील. हे बाबांपासून लपवू नकोस, तेच आधी सांग.

या सुट्टीत एक दिवस ओरोसच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बस. आणि तो गोडबोलेंचा निकाल इंग्रजीतूनच वाच, अडलं तर डिक्शनरी घे. फार लांबलचक नाही तो. वाचून पुढचा खटला शोधावासा वाटला, तर सीईटीचा फॉर्म भर. बाबांशी मी बोलते.