डॉ. पांडुरंग खानखोजे : सुधारित बियाणे आणि गावची कृषिशाळा

वऱ्हाडच्या पूर्व सीमेवरून वर्धा नदी वाहते. तिच्या पलीकडील वर्धा येथे १८८४ साली जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी मेक्सिको देशात केलेले पीकसुधारणेचे कार्य कोरडवाहू शेतकऱ्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

स्वातंत्र्याच्या ध्यासाने खानखोजे तरुणपणीच परदेशी गेले. अमेरिकेत त्यांनी शेतकीचे उच्च शिक्षण घेतले व १९१३ साली स्थापन झालेल्या गदर पक्षाच्या कार्यात पुढाकार घेतला. इंग्रजी अमलात मायदेशाची वाट बंद झाल्यावर १९२४ साली ते मेक्सिकोत गेले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक झाले.

त्या देशात क्रांतीनंतर जमीनदारांच्या जमिनी गावकऱ्यांस मिळू लागल्या होत्या. परंतु चांगले बी व शास्त्रीय ज्ञान यांवाचून नुसत्या जमिनीने घरात धान्य येत नाही. मका हे तेथील मुख्य अन्न. मका व त्याचे रानटी भावंड तेओसिंते यांच्या संकराचे प्रयोग खानखोजे यांनी केले. त्याचबरोबर खेड्यापाड्यांत शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले.

मक्याचा तुरा हा नर व कणीस हे मादी असून पराग वाऱ्याने एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. म्हणून घरचे सरळ वाणाचे बी राखताना पुढील काळजी घ्यावी :

१. मक्याच्या दुसऱ्या वाणाच्या शेतापासून दूर असलेले पीक निवडावे.

२. बांधाकडेची झाडे सोडून शेताच्या मध्यभागातील निरोगी झाडे पीक उभे असतानाच खुणेने ठरवावी.

३. एकाच झाडाचे बी न घेता अनेक झाडांच्या कणसांचे बी एकत्र करावे. अन्यथा पुढील पिढी खुरटते.

४. संकरित वाणाचे बी पुन्हा पेरू नये. त्याचे गुण पुढील पिढीत टिकत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर खानखोजे मायदेशी परतले. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपूर येथे त्यांचे निधन झाले. संशोधन प्रयोगक्षेत्रापुरते न ठेवता त्यांनी ते बांधापर्यंत नेले. ग्रामसेवकांनी येत्या हंगामात गावातील एका उभ्या पिकात शेतकरी बंधूंसमवेत बियाण्याची निवड प्रत्यक्ष करून दाखवावी. गावची कृषिशाळा तेथूनच सुरू होते.