आंतरजालावरील नवउद्योग आणि त्यांचे उबवणी केंद्र

गावात कोणी पिठाची गिरणी किंवा काजूचा कारखाना काढू म्हटले, तर बँकेला त्याचे म्हणणे लगेच समजते. यंत्र दिसते, शेड दिसते. कर्ज थकल्यास जप्त करण्यासारखे काहीतरी हाती असते. आंतरजालावर सेवा देणारा उद्योग उभारू पाहणाऱ्या तरुणाजवळ मात्र एक संगणक, दोन सोबती आणि अर्धीमुर्धी आज्ञावली एवढेच भांडवल असते. खर्च होतो तो पगारावर आणि भाड्याच्या संगणक-सेवेवर. त्यातून तारण ठेवण्याजोगी वस्तू निर्माण होत नाही. मग वडिलांच्या नावावरील घर किंवा बागायत गहाण टाकण्याचा विचार पुढे येतो. अशा प्रसंगी कुटुंबाला, आणि ज्याच्याकडे सल्ल्यासाठी धाव घेतली जाते त्या शिक्षकाला, इन्क्युबेटर ऊर्फ नवउद्योगांचे उबवणी केंद्र ही व्यवस्था ठाऊक असणे अगत्याचे आहे.

हा शब्द कुक्कुटपालनातला आहे, आणि तो उद्योगक्षेत्रात आला तोही कोंबड्यांच्याच निमित्ताने. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बटाव्हिया येथे शेतीयंत्रांचा एक प्रचंड कारखाना बंद पडला होता. १९५९ मध्ये मँकुसो कुटुंबाने ती इमारत विकत घेतली. सबंध जागा घेणारा भाडेकरू काही मिळेना. तेव्हा जोसेफ मँकुसो यांनी तिचे लहान भाग पाडून ते छोट्या उद्योगांना दिले आणि जोडीला सामाईक कार्यालयीन सेवा व व्यावहारिक सल्लाही पुरविला. भाडेकरूंपैकी एकाचा धंदा कोंबडीची पिल्ले उबविण्याचा होता. त्यावरून गमतीने दिलेले नाव पुढे जगभर रूढ झाले.

आंतरजालाच्या युगात या कल्पनेला जवळचे पण काहीसे निराळे रूप मिळाले. २००५ मध्ये केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथे पॉल ग्रॅहम, जेसिका लिव्हिंग्स्टन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी ‘वाय कॉम्बिनेटर’ ही संस्था स्थापन केली. उद्योगाची कल्पना अगदी कच्ची असतानाच थोडी रक्कम द्यावी, मोबदल्यात थोडा हिस्सा घ्यावा आणि तीन महिने कसून मार्गदर्शन करावे, अशी तिची पद्धत होती. पहिल्याच तुकडीत ‘रेडिट’ होते. त्याच्या दोघा संस्थापकांनी आधी मांडलेली कल्पना दूरध्वनीवरून जेवण मागविण्याची होती आणि ती नाकारली गेली. माणसे मात्र पसंत पडल्याने त्यांना दुसरी कल्पना घेऊन परत बोलावण्यात आले. अशी केंद्रे कल्पनेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, माणसांची पारख करतात, हे यावरून दिसते.

भारतात मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये २००४ मध्ये ‘साइन’ हे केंद्र, तर हैदराबादेत २०१५ मध्ये ‘टी-हब’ सुरू झाले. २०२१ मध्ये केंद्र शासनाने ९४५ कोटी रुपयांची ‘स्टार्टअप इंडिया बीज निधी योजना’ आखली. तिची रचना अभ्यासण्यासारखी आहे. पैसा शासनाकडून थेट उद्योजकाकडे न जाता निवडलेल्या उबवणी केंद्रांमार्फत द्यावयाचा होता. कल्पना सिद्ध करण्यासाठी व नमुना तयार करण्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान. बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा पुढे समभागांत रूपांतरित होणारे रोखे. अनुदान एकरकमी नव्हे, तर ठरलेले टप्पे गाठल्यावर हप्त्यांनी. हा निधी इमारत वा तत्सम सुविधा उभारण्यासाठी वापरता येणार नव्हता. कर्जाला तारण नको, प्रवर्तकाची वा त्रयस्थाची हमीही नको, अशी तरतूद होती. केंद्रांनी अर्जदाराकडून शुल्क घेऊ नये असाही दंडक होता. निवड करून देण्यासाठी आगाऊ रक्कम मागणाऱ्या मध्यस्थाला कुठे थांबवावे, हे त्यावरून ठरविता येते.

खाजगी केंद्रे हिस्सा मागतात, आणि तेथे हिशेब शांतपणे करावा लागतो. केंद्राने ६ टक्के घेतले, तर संस्थापकांकडे ९४ उरतात. वर्षभराने दुसऱ्या गुंतवणूकदाराने नवे समभाग घेऊन कंपनीत २० टक्के मिळविले, तर सर्वांचाच वाटा एकपंचमांशाने घटतो: संस्थापक ७५.२ वर, केंद्र ४.८ वर. वाटा घटला तरी कंपनीची किंमत वाढली असल्यास नुकसान होत नाही. किंमत वाढली नसेल तर होते. दहावीच्या गणिताला हे उदाहरण चांगले शोभेल.

केंद्र ग्राहक आणून देत नाही. नोंदणी, करविषयक सल्ला, जाणत्यांशी गाठ आणि चुका लवकर दाखविणारा डोळा एवढे ते देऊ शकते. यातला शेवटचा भाग तरुणांना सहसा रुचत नाही. इतके करूनही पुष्कळ नवउद्योग टिकत नाहीत, आणि ही गोष्ट घरात आधीच बोलून ठेवलेली बरी.

गोव्यात वेर्णा येथील आग्नेल संकुलात ‘सिबा’ आणि फातोर्डा येथील डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘फायर’ ही केंद्रे स्थापन झाली आहेत. कोणत्याही केंद्राशी करार करताना हिस्सा किती, कोणत्या हप्त्याला कोणती अट आणि उद्योग बंद करावा लागल्यास आज्ञावली व नाव कोणाकडे राहणार, या तीन बाबी लेखी मागून घ्याव्यात. कराराची भाषा बहुधा इंग्रजी असते. सही करण्यापूर्वी गावातील वकिलाकडून किंवा शिक्षकाकडून ती मराठीत समजावून घेण्यास दोन दिवस लागले, तरी कोणतेही चांगले केंद्र तेवढे थांबते.