जुना गल्ला आणि नवा हिशेब

दुकानात पैसे ठेवावयाच्या पेटीस आपण गल्ला म्हणतो. आमच्या फ्रीगंजच्या बाजारात या गल्ल्याची अनेक रूपे दिसतात. कोठे साधा लाकडी खण असतो, तर कोठे संगणकावर बिल पुरे होताच आपोआप उघडणारा लोखंडी. एखाद्या घरी वाडवडिलांच्या वेळचे कॅश रजिस्टर असेल, तर ते या नव्या संगणकास जोडता येईल काय, असा प्रश्न जिज्ञासू विद्यार्थ्यास सहज पडेल. उत्तरापूर्वी हे यंत्र जन्मास का आले, ते पाहू.

अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन या गावी जेम्स रिटी नामक गृहस्थाचे मद्यगृह होते. नोकर गिऱ्हाइकांचे पैसे परस्पर खिशात घालीत, यामुळे तो त्रासून गेला होता. युरोपच्या प्रवासात जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र त्याच्या दृष्टीस पडले. फेरे मोजता येतात, तर विक्री का मोजता येऊ नये? १८७९ मध्ये भावाच्या साह्याने त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे अशा यंत्रांना घंटा आली. खण उघडला की ती वाजे आणि आतल्या खोलीतील मालकास कळे. रक्कम वर मोठ्या आकड्यांत उमटे, ती गिऱ्हाईकही वाची. पैसे सांभाळावयास साधी पेटीही पुरते. हे यंत्र साक्ष देण्यासाठी निर्माण झाले. जोडणीचा विचार करताना आम्ही हीच कसोटी धरतो.

आता जुन्या पितळी यंत्राकडे वळू. त्याचे गणित धातूच्या चाकांत असते. आणेपैच्या काळातील यंत्रात सोळा आणे भरले की रुपयाचे चाक एक घर पुढे सरके. १ एप्रिल १९५७ पासून आपल्या देशात रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि एका आण्याचे सव्वासहा पैसे! हे चाकांस कसे समजावे? शिवाय या यंत्रास तारेवाटे काही सांगण्याची सोयच नसते. त्यात भोके पाडून विद्युत्चुंबक बसविणारे कारागीर मिळतील. परंतु असे सुंदर यंत्र कापणे आम्हांस रुचत नाही. ते शोभेसाठी ठेवावे.

विजेवर चालणाऱ्या नंतरच्या यंत्रांची गोष्ट निराळी. त्यांपैकी काहींस मागील बाजूस संगणकाची तार लावण्याचे द्वार असते. दोन्हीकडे संदेशाचा वेग आणि अक्षरांची मांडणी एकच ठेवावी लागते, अन्यथा पडद्यावर अर्थहीन चिन्हे उमटतात. इतके जुळूनही यंत्राची सांकेतिक भाषा संगणकातील कार्यक्रमास ठाऊक असावी लागते. कित्येकदा तेथेच गाडे अडते.

अशा वेळी निदान खण तरी उपयोगी पडतो. त्याची तार बहुधा संगणकास न लावता बिल छापणाऱ्या यंत्रास लावतात. बिल पुरे होताच संगणक छपाईयंत्रास एक संकेत पाठवितो. अनेक छपाईयंत्रांत त्याचा आरंभ २७ आणि ११२ या अंकांनी होतो. छपाईयंत्र क्षणभर विजेचा झटका देते, विद्युत्चुंबक खिटी ओढतो आणि स्प्रिंग खण बाहेर ढकलते. मात्र खण १२ व्होल्टचा की २४ चा, हे आधी पाहावे. चूक झाल्यास चुंबकाचे वेटोळे जळण्याचा संभव असतो. तारेचे टोक टेलिफोनच्या तारेसारखे दिसते, तरी ते टेलिफोनच्या खाचेत कदापि घालू नये.

तारा जुळल्या तरी हिशेब जुळणे बाकी राहते. विजेच्या जुन्या यंत्रावर दिवसाची बेरीज छापून ती शून्य करण्याची सोय असते. दुकानदार तिला ‘झेड’ म्हणतात. ती केल्यावाचून नव्या यंत्रावर विक्री सुरू करू नये, नाही तर एकच विक्री दोनदा मोजली जाते. २०१६ पासून यूपीआय आल्यामुळे बरेच पैसे आता खणात येतच नाहीत. म्हणून रोकड आणि बँकेत जमा झालेली रक्कम यांची खाती निरनिराळी ठेवावीत. पहिल्या दिवशी खणातील नोटा-नाणी हाताने मोजून आरंभीची शिल्लक लिहावी, आणि रात्री दुकान बंद करताना पुन्हा मोजून पडद्यावरील आकड्याशी ताळा पाहावा.